झरपटचे पाणी आणि रोजची गोळी

बल्लारपूरला राजधानी असलेल्या खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाची दंतकथा चंद्रपूरकडे घरोघरी ठाऊक आहे. अंगभर गाठी झालेला हा राजा शिकारीला निघाला, तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातले पाणी प्यायला, हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी राणीने पाहिले तर जिथे पाणी लागले तिथल्या गाठी गायब. त्याच जागी पुढे अचलेश्वराचे मंदिर झाले आणि चंद्रपूर वसले, असे सांगतात. राजाचा आजार नेमका कोणता, हे दंतकथेला विचारू नये. पण एका धुण्यात गाठ जावी ही आशा अजून गेलेली नाही, आणि गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या, रोग्याचे सर्वांत जास्त नुकसान हीच आशा करते. गाऊटच्या गाठीही विरघळतात, अगदी शब्दशः विरघळतात. फक्त त्याला एक रात्र नव्हे, काही महिने, कधी काही वर्षे लागतात, आणि तेवढा काळ दुखत नसतानाही गोळी घ्यावी लागते.

याचे कारण साध्या रसायनशास्त्रात आहे. शरीरातील पेशींची मोडतोड आणि काही अन्नपदार्थ यांतून प्युरिन नावाची द्रव्ये सुटतात आणि त्यांचे शेवटी युरिक ॲसिड होते. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारे विकर असते, माणसाकडे नाही. आपल्याला ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकावे लागते. रक्तात त्याचे प्रमाण डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की दाट पाक गार झाल्यावर साखर जशी खडे धरते तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला आणि त्यामानाने थंड, म्हणून बहुधा पहिली पाळी त्याची. मध्यरात्री ठणका सुरू होतो, सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. आणि मग आठ-पंधरा दिवसांत, औषध घेतले काय किंवा न घेतले काय, सगळे शांत होते. खरी फसगत इथे होते. त्या काळात जो लेप लावला, जो काढा प्यायला, त्याला श्रेय मिळते; स्फटिक मात्र जागेवरच असतात.

म्हणून गाऊटमध्ये औषधांची कामे दोन आहेत, आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर औषध घेऊनही आजार वाढतो. पहिले काम पेटलेला सांधा विझवण्याचे. त्यासाठी वेदनाशामक गोळ्या, थोडे दिवस स्टिरॉइड, किंवा कोल्चिसिन. हे कोल्चिसिन चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाला परके नाही. पावसाळ्यात झुडपांवर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, म्हणजेच खड्यानाग, तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, आणि तो कंद खाऊन माणसे दगावलेली आहेत. औषध आणि विष यांत इथे अंतर फक्त मात्रेचे आहे. कोल्चिसिन पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १.८ मिलिग्रॅमची छोटी मात्रा ४.८ मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली, आणि त्रास बराच कमी. म्हणजे ‘जरा जास्तच घेऊ, लवकर उतरेल’ हा हिशेब चुकीचा. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर नेहमीची मात्राही घातक ठरू शकते.

दुसरे काम रक्तातील युरिक ॲसिड खाली आणण्याचे. त्यातले मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल. ते गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आले, १९६६ साली अमेरिकेत गाऊटसाठी मंजूर झाले, आणि या दोघांना १९८८ चे नोबेल मिळाले. औषध जुने, स्वस्त, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतले. तरी ते बदनाम आहे, कारण ते सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत सांधेदुखीचे झटके वाढू शकतात. विरघळू लागलेले स्फटिक सांध्याला डिवचतात. रोगी म्हणतो, गोळी बाधली, आणि सोडून देतो. यावर उपाय ठरलेला आहे: सुरुवात रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, दर काही आठवड्यांनी रक्त तपासून हळूहळू वाढ, आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत छोट्या मात्रेत कोल्चिसिनसारखे संरक्षण. आकडा ६ च्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा. मध्येच झटका आला तरी ही गोळी चालूच ठेवायची. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ५१७ रोग्यांवर दोन वर्षे केलेला आणि २०१८ मध्ये छापलेला अभ्यास इथे बोलका आहे. परिचारिकांनी आजार नीट समजावून, मात्रा जुळवत नेलेल्या गटात ९५ टक्के रोगी या आकड्याखाली आले. नेहमीच्या पद्धतीच्या गटात अवघे ३० टक्के. औषधे दोन्हीकडे तीच उपलब्ध होती. फरक समजावण्याचा आणि पाठपुराव्याचा.

‘जन्मभर गोळ्या घेतल्या तर किडनी जाईल’ हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. काळजी रास्त आहे, पण रोख चुकला आहे. मूत्रपिंडाला खरा धोका प्रत्येक झटक्याला दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामकांचा. त्यात उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. कोळसा खाणीत नाहीतर तेंदूपाने तोडताना घामाने पिळवटलेल्या शरीरात पाणी कमी, त्यामुळे युरिक ॲसिड दाट. उष्ण, कोरड्या हवेत झटके वाढतात हे अभ्यासात दिसलेले आहे. अशा कोरड्या शरीरावर वेदनाशामके, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, म्हणजे मूत्रपिंडाची तिहेरी कोंडी. झटकेच येऊ न देणारी गोळी ती कोंडी टाळते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर ॲलोप्युरिनॉल कमी मात्रेने सुरू करतात. वर्ज्य करत नाहीत.

दुसरा आक्षेप पथ्याचा. दारू, विशेषतः बिअर, मटण, गोड शीतपेये कमी करावीत, यात वाद नाही. पण पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो. ९ वर असलेल्याला तेवढ्याने भागत नाही. आणि तुरीचे वरण, पालक बंद करण्याचा जो छळ घरोघरी चालतो, त्याला फारसा आधार नाही. २००४ साली छापलेल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात मांस-मासळीने गाऊट वाढला, प्युरिनयुक्त भाज्यांनी नाही. दुधाने तर धोका कमी झाला.

तरीही रिपोर्टवर ७.५ दिसले म्हणून कुणीही गोळी सुरू करावी, असे नाही. सांधा कधी दुखलाच नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी औषध सहसा देत नाहीत. आधी तो का वाढला ते पाहावे. रक्तदाबावरची लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठीचे छोटे ॲस्पिरिन, क्षयाच्या उपचारातले पायराझिनामाइड, ही सगळी युरिक ॲसिड वाढवतात. ती आपल्या मनाने थांबवणे गाऊटपेक्षा महागात पडेल. डॉक्टरांना फक्त सगळ्या चिठ्ठ्या दाखवाव्यात. हृदयविकार असेल तर फेबुक्सोस्टॅट या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाविषयी मुद्दाम विचारावे; त्यावर अमेरिकेने २०१९ मध्ये हृदयाच्या धोक्याचा इशारा छापायला लावला, पुढच्या युरोपीय अभ्यासात मात्र तो धोका दिसला नाही. अझाथायोप्रिन चालू असेल तर ते आधी सांगावे, कारण ॲलोप्युरिनॉलबरोबर ते रक्तपेशी धोक्याइतक्या घटवते.

गोळी आपणहून थांबवण्याची वेळ एकच. ॲलोप्युरिनॉल सुरू झाल्यावर, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, अंगावर पुरळ उठले, ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड-लाली दिसली, तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.