न डुगडुगणारे स्टूल कलंडले कसे?

आमच्या परभणीच्या घरी घडलेल्या एका लहानशा प्रसंगापासून आज सुरुवात करू. माझ्या आईचे गुडघे दुखतात. फार वेळ उभे राहू नका, असे डॉक्टरांनी तिला सांगितले. पण पोळ्या-भाकरी दुसऱ्या कोणी केलेल्या तिला चालत नाहीत. जुन्या घरी ती चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करी. आता स्वयंपाकघरात ओटा आहे आणि ओट्यापुढे उभेच राहावे लागते. तेव्हा ओट्याशी बसता येईल असे एक उंच लाकडी स्टूल आणावे असे आम्ही ठरविले.

बाजारात ‘बार स्टूल’ या नावाने मिळणारे एक देखणे स्टूल आम्ही घेतले. ते खोक्यात सुटे येते. घरी जोडावे लागते. नववीतल्या मुलाने ते तासाभरात जोडले. त्याला तीन पाय होते. जमिनीवर ठेवले तर तसूभरही हलेना. आम्ही खूश झालो. दुसऱ्याच दिवशी आई त्यावर बसली असता हळदीचा डबा घ्यायला बाजूला वाकली आणि स्टूल कलंडले! ओट्याची कड हाती आली म्हणून निभावले. उतारवयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते आणि मग माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. सावरल्यावर आईने मला विचारले, “जरासुद्धा हालत नव्हतं की रे हे, मग कलंडलं कसं?”

प्रश्न अगदी नेमका होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तो स्टूल विकत घेण्याआधीच स्वतःला विचारायला हवा होता. स्टूल डुगडुगणे, स्टूल कलंडणे आणि स्टूल खिळखिळे होणे हे तीन वेगळे आजार आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. एक आजार नाही म्हणून दुसराही नसेल, असे समजणे हीच आमची चूक होती.

डुगडुगणे : तीन पाय आणि चार पाय

‘तिवई’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तीन पायांची ती तिवई. कॅमेऱ्याची घोडीही तीन पायांची असते. याचे कारण भूमितीत आहे. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक, आणि एकच, प्रतल जाते. म्हणून जमीन कितीही खडबडीत असो, तीन पायांची टोके तिला एकाच वेळी टेकतातच. तिवई थोडी तिरपी उभी राहील, पण डुगडुगणार नाही.

चौथा पाय आला की अडचण सुरू होते. चौथे टोक त्याच प्रतलात असेल याची खात्री नसते. पाय एक मिलीमीटर आखूड असला किंवा फरशी तेवढी खोल असली, तरी स्टूल दोन समोरासमोरच्या पायांवर झुलू लागते.

मग पाय कापावा का? थांबा! आधी स्टूल जागच्या जागी सावकाश गोल फिरवून पाहा. पाय सारखे असतील आणि दोष जमिनीचा असेल, तर पाव फेऱ्याच्या आत बहुधा अशी एक जागा सापडते की चारही पाय टेकतात. कसे ते पाहा. समजा अ आणि क हे समोरासमोरचे पाय उंचवट्यांवर आहेत, आणि ब व ड हे खोलगट जागी. आता स्टूल पाव फेरा फिरवले, तर अ आणि क खोलगट जागी जातात, ब आणि ड उंचवट्यांवर येतात. म्हणजे परिस्थिती नेमकी उलटी झाली. थंडीत शून्याखाली असलेला पारा शून्याच्या वर जाताना वाटेत शून्याला स्पर्श करतोच. तसेच येथेही मध्ये एक क्षण असा येतो की कोणतीच जोडी वरचढ नसते. त्या क्षणी चारही पाय जमिनीला टेकलेले असतात.

यासाठी अट एवढीच की जमीन चढउताराची असली तरी सलग हवी. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत शहाबादी फरशी असते. दोन फरश्यांच्या सांध्यावर एकीची कड एकदम वर आलेली असेल, तर हा नियम तेथे लागू होत नाही. तेव्हा स्टूल थोडे सरकवून एकाच फरशीवर घ्यावे आणि मग फिरवावे.

कलंडणे : ओळंबा कोठे पडतो?

गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहण्यासाठी ओळंबा सोडतो. आपणही एक काल्पनिक ओळंबा सोडू. स्टूल आणि त्यावर बसलेले माणूस या दोघांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तेथून ओळंबा खाली सोडायचा. पायांची टोके रेषांनी जोडली की जमिनीवर जी आकृती होते, तिच्या आत ओळंबा पडला तर स्टूल उभे राहते. बाहेर पडला की कलंडते. म्हणजे स्टूल पायांवर उभे राहते हे अर्धेच खरे. ते पायांनी वेढलेल्या जागेवर उभे राहते.

आता थोडे गणित करू. आमच्या तीन पायांच्या स्टुलात प्रत्येक पायाचे टोक मध्यापासून २५ से.मी. दूर होते. ही टोके जोडली की समभुज त्रिकोण होतो. त्याच्या मध्यापासून बाजूचे अंतर मात्र निम्मेच, म्हणजे १२.५ से.मी. भरते. याच वर्तुळावर चार पाय ठेवले तर चौरस होतो आणि मध्यापासून बाजूचे अंतर १७.७ से.मी. होते. स्टूल नेहमी जवळच्या बाजूवरून कलंडते, म्हणून हेच अंतर महत्त्वाचे.

माणूस ५० किलोचे आणि स्टूल ५ किलोचे धरा. माणूस बाजूला झुकले तरी स्टूल जागेवरच असते. त्यामुळे दोघांचा मिळून गुरुत्वमध्य माणसाच्या मानाने थोडा कमी सरकतो. हिशेब केला तर तीन पायांच्या स्टुलावर माणसाचा गुरुत्वमध्य सुमारे १४ से.मी. सरकताच स्टूल कलंडू लागते, चार पायांच्या स्टुलावर सुमारे १९ से.मी. सरकल्यावर. १४ से.मी. म्हणजे एक वीतसुद्धा नाही! हळदीच्या डब्यासाठी वाकताना तेवढे सहज होते.

उंचीचाही वाटा आहे. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बैठकीच्या वर साधारण वीतभर असतो. आमच्या स्टुलाची बैठक ७५ से.मी. उंच होती, त्यामुळे दोघांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९२ से.मी. उंचीवर येत होता. असे स्टूल जवळच्या बाजूकडे ८ अंशांनी तिरपे झाले की संपले. बैठक ६० से.मी.वर आणली तर गुरुत्वमध्य सुमारे ७७ से.मी.वर येतो, आणि चार पाय दिले तर स्टूल १३ अंशांपर्यंत सावरते.

उंची किती असावी?

खरे तर ७५ से.मी.ची उंची आम्हाला हवीच नव्हती. ती सुमारे १०५ से.मी. उंचीच्या, उभ्याने टेकण्याच्या फळीसाठी असते. बैठक आणि कामाची पातळी यांत २५ ते ३० से.मी. अंतर असले म्हणजे हात मोकळे राहतात. आमचा ओटा ८५ से.मी. उंच, तेव्हा बैठक ५५ ते ६० से.मी. पुरे. स्टूल आणण्याआधी ओटा मापावा, ही साधी गोष्ट आम्ही केली नव्हती.

उंच स्टुलाला पाय ठेवायला आडवी पट्टी हवीच. पाय लोंबकळत राहिले तर बैठकीची कड मांड्यांखाली रुतते, रक्ताभिसरणाला अडथळा येतो आणि पायांना मुंग्या येतात. ही पट्टी बैठकीच्या खाली साधारण ४० ते ४५ से.मी. असावी. वर चढताना सगळे वजन क्षणभर याच पट्टीवर येते. म्हणून पट्टी पायांच्या टोकांच्या आतल्या बाजूस असली पाहिजे. पाय खाली थोडे फाकलेले असले की हे आपोआप साधते.

खिळखिळे होणे : उन्हाळा, पावसाळा आणि लाकूड

आता तिसरा आजार. नवे असताना घट्ट असलेले स्टूल वर्ष-दोन वर्षांत कुरकुरू लागते. याला आपली हवा बरीच जबाबदार आहे. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट असते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांसारख्या तंतूंचा जुडगा. दमट हवेत ते ओलावा शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते. गंमत अशी की ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत जवळजवळ बदलत नाही.

स्टुलाच्या पायाचे टोक निमुळते करून बैठकीच्या खाचेत बसवतात. त्या टोकाला सुतार ‘कुसू’ म्हणतात. पावसाळ्यात कुसू फुगते, पण खाचेत जागा नसल्याने त्याचे तंतू दाबले जातात. उन्हाळ्यात ते आकसते तेव्हा पूर्वीपेक्षाही बारीक झालेले असते. समजा यामुळे खाचेत फक्त ०.३ मि.मी. फट पडली आणि खाच ३० मि.मी. खोल आहे. म्हणजे पाय शंभरास एक या प्रमाणात तिरपा होऊ शकतो. पाय ६० से.मी. लांब असेल तर त्याचे खालचे टोक ६ मि.मी. हलते! फट केसाएवढी, पण पायाच्या लांबीमुळे हालचाल वीसपट झाली. खालची आडवी पट्टी ही हालचाल अडवते. तिचे हे दुसरे काम.

लहानपणी मी गावाकडे पाहिले आहे की, उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे आरे ढिले झाले की गाडी पाण्यातून नेत. लाकूड फुगे आणि चाक पुन्हा घट्ट होई. स्टुलाला मात्र असे पाणी पाजू नये; वर सांगितल्याप्रमाणे पुढच्या उन्हाळ्यात सांधा आणखी ढिला होतो.

लाकूड निवडताना म्हणून ते पुरते वाळलेले आहे ना, हे आधी पाहावे. साग हवेतील बदलाने फारसा वाकत-आकसत नाही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही. आपल्याकडची बाभूळ जड आणि चिवट; गाड्या व शेतीची अवजारे तिचीच करीत. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. कोणतेही लाकूड असो, पायातले तंतू वरपासून खालपर्यंत सरळ धावले पाहिजेत. तंतू तिरपे असतील किंवा पायात मोठी गाठ असेल, तर पाय नेमका तेथेच चिरतो.

जोडण्याची रीत

खोक्यातले स्टूल जोडताना माझ्या मुलाने एक पाय पूर्ण आवळला, मग दुसरा, मग तिसरा. ही रीत चुकीची. पहिला पाय किंचित तिरपा आवळला गेला तर तो तिरपेपणा बाकीच्या पायांना सोसावा लागतो. सगळे स्क्रू आधी हातानेच हलके बसवावेत. मग स्टूल सपाट फरशीवर उभे करून बैठकीवर हाताने भार द्यावा, म्हणजे प्रत्येक भाग आपापल्या जागी बसतो. चार पाय असतील तर सुतळीने समोरासमोरच्या टोकांमधील दोन्ही अंतरे मोजावीत. ती सारखी आली पाहिजेत. त्यानंतर समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. आणि पुढच्या मे महिन्यात आठवणीने एकदा पुन्हा आवळावेत.

आम्ही शेवटी एका सुतारमामांकडून सागाचे चार पायांचे, ६० से.मी. उंचीचे स्टूल करून घेतले. त्यांनी कुशीत पाचर ठोकून सांधे पक्के केले. पाय सारखे करण्याची त्यांची युक्ती पाहण्यासारखी होती. सपाट जागी स्टूल ठेवून आखूड पायाखाली लाकडी चिपा सारल्या आणि पाणसळीने बैठक समतल केली. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारही पायांवर जमिनीपासून सारख्याच उंचीची खूण केली आणि त्या खुणेवर चारही पाय कापले. एकेक पाय थोडा थोडा कापत बसणाऱ्याचे स्टूल शेवटी पाट होऊन बसते, असे ते हसत म्हणाले!

आई आता त्या स्टुलावर बसून भाकरी करते. हळदीचा डबा मात्र आम्ही तिच्या हाताशी आणून ठेवला आहे. ओळंबा आत ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय.

करून पाहा

१. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्टुलाची टोके खडूने फरशीवर खुणावा व रेषांनी जोडा. मध्यापासून जवळच्या बाजूचे अंतर मोजा. मग रिकामे स्टूल हळूहळू तिरपे करून ते किती अंशांवर कलंडू लागते ते कोनमापकाने पाहा, आणि लगेच हाताने धरा. आता बैठकीवर पुस्तकांचा गठ्ठा दोरीने बांधून तेच करा. कोन वाढतो की घटतो? का?

२. लाकडी पट्टीचा एक आडवा व एक उभा तुकडा घ्या. दोन्हींची लांबी मोजून ते दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. कोणता तुकडा जास्त वाढला? तंतूंची दिशा पाहून उत्तराचे कारण वहीत लिहा.