खाडीसाठी होडी घेताना



भात घरात आलं, हातात चार पैसे खुळखुळू लागले, की खाडीकाठच्या घरांत होडीचा विषय निघतो. थोडी शेती आणि थोडी मासेमारी यांवर चालणाऱ्या घराला होडी म्हणजे बैलजोडीच. निवड चुकली की वर्ष चुकते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नवा रंग दिलेली जुनी होडी स्वस्त मिळाली म्हणून घेतली. दोन महिन्यांनी रंग खरवडला, तर तळाच्या फळीत सुरीचे टोक बोटभर आत गेले. पैसे गेले ते गेलेच, पण भर खाडीत फळी सुटली नाही हे नशीब. म्हणून इसार देण्याआधी पुढील गोष्टी नीट बघा.

१. आधी आपले पाणी मोजा

आपण जाळे टाकतो तिथे ओहोटीला किती पाणी उरते, ते बांबू टेकवून मोजावे. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते. होडी चिखलात रुतली तर पाणी परत चढेपर्यंत बसून राहावे लागते. तोवर बाजार उठतो.

उथळ पाण्याला रुंद, सपाट तळाची होडी चांगली. सोपा हिशेब असा : १६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि टोकांना निमुळती अशी सपाट होडी दर १०० किलो वजनाला सुमारे एक इंच पाण्यात बसते. होडी २०० किलो, दोन माणसे १२०, ओले जाळे व मासळी ८०, म्हणजे एकूण ४०० किलो. ती चार इंच बसेल. रुंदी अडीच फूट असेल तर तेवढ्याच वजनाला सहा इंचांहून थोडी जास्त. अरुंद होडीला उलांडी लावून तोल साधता येतो, पण कांदळवनाच्या चिंचोळ्या वाटेत ती अडकते. सपाट होडी लाटेवर आपटते, म्हणून ती खाडीच्या मुखाबाहेर नेऊ नये.

२. लाकूड की फायबर?

लाकडी होडी गावातला सुतार दुरुस्त करू शकतो. पण खाऱ्या पाण्यातला किडा बाहेरून बारीक भोक पाडतो आणि आतून फळीची चाळण करतो. होडी वरचेवर ओढून वाळवावी लागते, तळाला काजूच्या टरफलाचे तेल लावावे लागते. फायबरला हा किडा लागत नाही, वजनही कमी असते. मात्र खडकावर घासून थर फाटला तर दुरुस्ती करणारा जवळपास आहे का, ते आधी विचारा.

एक गोष्ट विसरू नका. लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगते. फायबर पाण्यापेक्षा जड असते. तिच्यात हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल तर भरलेली होडी तळ गाठते.

३. जुनी होडी तपासताना

होडी पाण्याबाहेर, उलटी करून बघावी. लाकूड असेल तर सांधे, खिळ्यांची जागा आणि बैठकीखालचा भाग टोच्याने टोचून बघावा. खिळे लोखंडी असतील तर गंज बघा. तांब्याचे खिळे जास्त टिकतात. फायबर असेल तर बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज बद्द आला तर आतले थर सुटले असण्याचा संभव आहे. मग माणसे व वजन घालून संथ पाण्यात उभी करा. पाण्यापासून काठापर्यंत निदान एक फूट कोरडा राहिला पाहिजे. नोंदणीचे कागद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

४. किंमत नव्हे, वर्षाचा खर्च बघा

समजा, जुनी होडी १८,००० रुपयांना मिळाली, तीन वर्षे टिकली आणि दुरुस्तीला वर्षाला ६,००० लागले. वर्षाचा खर्च १२,००० झाला. नवी ६०,००० ची, दहा वर्षे टिकणारी, दुरुस्ती २,००० ची असेल तर वर्षाला ८,००० पडतात. कर्ज काढले तर व्याज त्यात मिळवा. हे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून दिले आहेत. आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरवलेले होते. सध्या कोणत्या योजनेत अर्ज घेतात, ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आधी होडी घेऊन मागून अर्ज, असे करू नका.

शेवटी, होडीबरोबर प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट आणि पाणी उपसायला एक डबा घ्याच. हा खर्च होडीच्या किमतीतच धरावा. काही शंका असल्यास कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर पत्र लिहा.