कॅसेटचा स्क्रू का उघडत नाही? – वेगळ्या डोक्याचे स्क्रू आणि त्यांचे बीट



आमच्या वाडीत, म्हणजे नृसिंहवाडीत, कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी सामान माळ्यावर जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर माळ्यावरचंही काही घरांतून भिजलं. मग पाणी ओसरल्यावर ट्रंका उन्हात उघडल्या जातात आणि त्यातून वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वस्तू बाहेर येतात. त्यातलीच एक म्हणजे टीव्ही गेमची कॅसेट. चौथीतल्या एका मुलाने वडिलांच्या लहानपणीच्या दोन कॅसेट वर्गात आणल्या होत्या आणि त्याचा प्रश्न साधा होता, "सर, ही एक उघडली, पण ही दुसरी का उघडत नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहावं असं वाटलं, कारण त्यात विज्ञान आहे, गणित आहे आणि घरातल्या लहान मुलांच्या सुरक्षेचाही एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

आधी कॅसेट म्हणजे काय ते पाहू. गाण्याच्या कॅसेटसारखी फीत यात नसते. खरा शब्द कार्ट्रिज, पण आपल्याकडे सगळ्यांनी तिला कॅसेटच म्हटलं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच धर्तीची समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांची यंत्रं नव्वदच्या दशकात आपल्या गावांपर्यंत पोचली. मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदकं मारायचा खेळ हे आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पालकांना सांगायला नको. यांच्या कॅसेटमध्ये एक हिरवी पट्टी असते, तिच्या खालच्या कडेला ६० सोनेरी-पिवळट टोकं असतात. स्वस्त कॅसेटमध्ये पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो, चिप त्या थेंबाखाली दडलेली असते. अशा कॅसेटचे दोन भाग बहुतेक वेळा नुसते एकमेकांत खटकन बसवलेले असतात, किंवा फार तर एखादा साधा स्क्रू असतो. म्हणून पहिली कॅसेट उघडली.

दुसरी कॅसेट लहान, राखाडी रंगाची, गेमबॉयची होती. कुणीतरी परदेशातून आणलेली. तिच्या मागे एकच भोक आणि त्या भोकात खोलवर एक स्क्रू. त्याच्या डोक्यावर खाच नाहीच! उलट डोकं वर आलेलं, आणि त्याच्या कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखे उंचवटे. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर आत घुसवायला जागाच नाही. भोक अरुंद, त्यामुळे पक्कडही पोचत नाही. इथे बीट पोकळ लागतो. म्हणजे नेहमी स्क्रूला खाच असते आणि पान्याला टोक असतं, इथे ते उलटं झालं. असा बीट ३.८ मिलिमीटरचा असतो आणि कॅसेटसाठी तोच लागतो. याचाच मोठा भाऊ ४.५ मिलिमीटरचा, तो काही यंत्रांची पेटी उघडायला. खेळवाले लोक याला गेमबीट म्हणतात. ऑनलाइन दोन्ही मिळून एकत्र विकतात, फार महाग नसतो.

कंपनीने हे का केलं असेल? अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या सुरुवातीच्या कॅसेटला सरळ खाचेचे साधे पाच स्क्रू होते. नंतरच्या कॅसेटला या पाकळीवाल्या प्रकारचे तीन आले. पोरांनी उघडू नये, नक्कल करणाऱ्याने आत डोकावू नये, दुरुस्ती आपल्याकडेच यावी, असे सगळेच हेतू त्यात असावेत असं मला वाटतं. कुलूप काही फार भारी नाही. चोराला अडवत नाही, पण घाईतल्या माणसाला अडवतं.

आता वर्गात काय करता येईल ते सांगतो, कारण खरी मजा इथे आहे. फळ्यावर स्क्रूच्या डोक्यांचे आकार काढा. सरळ रेघ, त्रिकोण, फुली, सहा टोकांची चांदणी. मग मुलांना विचारा, पाना एकदा बसला, आता तो थोडा थोडा फिरवत नेला तर पूर्ण एका फेरीत किती वेळा पुन्हा बसेल? सरळ रेघेचा दोनदा. त्रिकोणाचा तीनदा. फुलीचा चारदा. चांदणीचा सहादा. मोठ्या वर्गात ३६० ला भागायला सांगा, म्हणजे १८०, १२०, ९०, ६० अंश आपोआप येतात. अरुंद जागेत हात जास्त फिरवता येत नाही, तिथे सहा टोकांचा बीट का सोयीचा हे मुलं स्वतः सांगतात, आपण सांगायची गरज पडत नाही. पुठ्ठ्यात आकार कापून आणि त्यात बसणारा तुकडा फिरवून दाखवला तर दुसरीतल्या मुलांनाही कळतं.

फुलीच्या स्क्रूला दुकानात सगळे स्टार म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. फुलीचा आकार अमेरिकेत १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्स यांनी पुढे आणला, म्हणून त्याचं नाव फिलिप्स. पाना आपोआप मध्यभागी बसतो, त्यामुळे कारखान्यात यंत्राने स्क्रू भराभर आवळता येऊ लागले. खरा सहा टोकांचा तो टॉर्क्स. त्याच्या मधोमध एक बारीक खुंटी ठेवली की साधा टॉर्क्स आत जात नाही, भोक पाडलेला बीट लागतो. झाला सुरक्षा स्क्रू! तीन पंखांचा वाय आकाराचा निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रांवर आला, पाच पाकळ्यांचा आयफोनच्या तळाशी असतो, आणि त्रिकोणी तुमच्या घरातल्या एखाद्या खेळण्याच्या पाठीवर आत्ताही सापडेल. सगळ्यांचं तत्त्व एकच आहे. स्क्रूचे आटे तेच, फक्त डोकं बदललं.

आट्यांचंही एक दाखवून टाका. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला की तिरकी कड आट्यासारखी वर चढत जाते. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतार. आमच्याकडे मुलं देवळाकडून घाटाच्या पायऱ्या उतरतात, त्यांना चढ-उतार समजवावा लागत नाही.

बरं, कॅसेट उघडायची तरी कशासाठी? एक कारण पुराचं. चिखलाचं पाणी आत गेलं तर पट्टीच्या टोकांवर थर बसतो आणि खेळ लागत नाही. लहानपणी आपण कॅसेट काढून फुंकर मारायचो. त्याने खेळ चालायचा, पण तो फुंकरेने नव्हे तर कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने. फुंकरेतला ओलावा उलट टोकांना गंज आणतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन टोकं हलक्या हाताने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायचं. हे द्रव पेट घेतं, त्यामुळे ते मोठ्यांच्या हातात, उघड्या खिडकीजवळ आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब.

दुसरं कारण सेल. ज्या खेळांत आपण कुठवर आलो ते लक्षात राहतं, अशा बऱ्याच जुन्या कॅसेटमध्ये बटणासारखा लिथियम सेल असतो. तो बहुधा १५-२० वर्षांत संपतो आणि जपून ठेवलेला खेळ पुसला जातो. सेलवर सीआर २०३२ लिहिलं असेल तर पहिले दोन आकडे २० मिलिमीटर व्यास, पुढचे दोन ३.२ मिलिमीटर जाडी. १६१६ म्हणजे काय ते मुलांना सांगू द्या. हा सेल नुसता काढून दुसरा बसवता येत नाही, त्याच्या पट्ट्या कथिलाने डाग देऊन जोडलेल्या असतात. ते काम रेडिओ-मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं.

आणि इथेच मला पालकांशी जरा स्पष्ट बोलायचंय. बटण सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागेत वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. खेळात निकामी वाटणारा सेलसुद्धा हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका, उलटी करवू नका, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. म्हणून खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असतो, आणि तो असायलाच हवा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि लहान सेल अवजाराशिवाय हाताला लागू नये अशी त्या मानकाची अपेक्षा आहे. तो स्क्रू हरवला म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपया तसं करू नका.

म्हणजे वेगळ्या डोक्याचा प्रत्येक स्क्रू अन्यायाचा नाही. काही स्क्रू मुलासाठी आहेत आणि काही कंपनीसाठी. आपल्या देशात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. त्यात प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या स्क्रूंचा आहे, आपण पैसे देऊन घेतलेली वस्तू उघडायचा.

मुलांसोबत उघडताना माझी पद्धत अशी. वस्तू विजेला जोडायची नसावी. अडॅप्टर आणि जुना डबा टीव्ही कधीच नाही, टीव्हीच्या चित्रनळीत बंद केल्यावरही धोकादायक दाब राहू शकतो. बॉलपेनचं प्लॅस्टिक तापवून स्क्रूवर दाबायचं आणि त्याचाच बीट बनवायचा, ही युक्ती मुलं व्हिडिओत बघून येतात. एखाद वेळी ती चालतेही, पण वितळलेल्या प्लॅस्टिकने बोट भाजतं, धूर नाकात जातो आणि भोकात प्लॅस्टिक अडकलं तर खरा बीटही मग बसत नाही. बीट सरळ उभा धरायचा, आधी दाब, मग डावीकडे फिरवणं. गेमबॉयच्या कॅसेटचा स्क्रू निघाला की पुढचं झाकण ओढून वर उचलायचं नाही, ते खाली थोडं सरकवून मग उचलायचं, नाहीतर आतले हूक तुटतात. स्क्रू लगेच वाटीत. बंद करताना आटा आधी उलटा हलकेच फिरवायचा, टक् असा बारीक आवाज येतो, मग उजवीकडे आवळायचं. जुन्या आट्यात स्क्रू बसल्याचा तो आवाज असतो. आमच्या वर्गात तो ऐकायला सगळ्यांनी कान लावले होते.