पोतदार आणि विषाणूची कसोटी

बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जिथे नाणे पडते तिथे ते पारखणाराही लागतो. जुन्या गावगाड्यात हे काम पोतदाराचे. बहुधा सोनारच ते करी. सोने पारखताना कसोटीच्या दगडावर माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, शेजारी गिऱ्हाइकाच्या सोन्याची, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. पहिली रेघच नसेल तर दुसरीवरून काय ठरवणार?

आज ज्यांच्या कामाविषयी सांगायचे आहे, त्यांचे आडनावही पोतदारच. डॉ. वर्षा पोतदार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत फ्लूसारख्या श्वसनमार्गाच्या विषाणूंवर संशोधन करतात. ही संस्था 1952 साली सुरू झाली. आडनावाचा हा निव्वळ योगायोग, पण विषय समजून घ्यायला सोयीचा.

जानेवारी 2020 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जगापुढे ठेवला. त्यावरून बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी काही दिवसांत चाचणीची कृती प्रसिद्ध केली. 30 जानेवारीला वुहानहून केरळात परतलेल्या विद्यार्थिनीला लागण झाल्याचे पुण्यातल्या तपासणीत निश्चित झाले. तो भारतातला पहिला रुग्ण. आता गावोगावच्या प्रयोगशाळांना ही चाचणी करता यायला हवी होती. कृती हाती होती, पण पहिली रेघ कुठून आणायची? विषाणू देशात जेमतेम पोचलेला. आणि असता तरी जिवंत विषाणू बाटलीत भरून गावोगाव कोण पाठवील?

इथे आरटी-पीसीआर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. या विषाणूचे जनुक आरएनए नावाच्या रसायनाचे असते. यंत्राला मात्र डीएनएचीच भाषा कळते. म्हणून एका एन्झाइमकरवी आधी आरएनएची डीएनए नक्कल करून घेतात. मग त्या नकलेतला ठरावीक तुकडा दुप्पट करीत जायचे: एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात. नमुन्यात विषाणू मुळीच नसेल तर दुप्पट व्हायला काही नाही, यंत्र गप्प. पण एन्झाइम उन्हात खराब झाले असेल, तरीही यंत्र गप्पच! दोन्ही मौनांचा कागद एकच: 'निगेटिव्ह'.

ही मौने वेगळी करण्यासाठी पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूशिवायच त्याच्या जनुकाचे तुकडे परीक्षानळीत घडवले. 2020 सालीच 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्यांनी हे काम मांडले. या तुकड्यांपासून कोणाला रोग होण्याची भीती नाही. नुसत्या एका पानावरून अख्खी पोथी उभी राहत नाही, तसेच. डीएनएचा तुकडा बनवणे सोपे आणि तो टिकाऊही असतो. आरएनए फार नाजूक, थंडीत जपावा लागतो. तरी त्यांनी आरएनएच निवडला. डीएनए ठेवला असता तर नक्कल करणारी पहिली पायरी तपासलीच गेली नसती. मला या कामातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच वाटतो.

उलट बाजूचीही काळजी लागते. दगड पुसलेला असावा, म्हणजे ज्यात काहीच नाही अशी एक नळीही शेजारी ठेवावी, आणि ती गप्प राहिली पाहिजे. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये पाठवलेले संच काही प्रयोगशाळांत रिकाम्या नळीतही 'आहे' म्हणू लागले. एवढ्या साधनसंपन्न देशात चाचण्या कित्येक आठवडे रखडल्या. पण दोष लक्षात आला, तो रिकाम्या नळीमुळेच.

तिसरी खूण आपल्याच शरीराची. घशातून बोळा फिरवताना तो नीट लागला की नाही, हे पाहण्यासाठी त्याच नमुन्यात माणसाचे एक जनुक शोधतात. तेही सापडले नाही, तर बोळ्यात पेशीच आल्या नाहीत. नमुना पुन्हा घ्यावा लागतो. तिन्ही खुणा जुळल्या तरी 'निगेटिव्ह'चा अर्थ इतकाच, की या बोळ्यात, या दिवशी विषाणू सापडला नाही. लागणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सापडण्याइतका वाढलेला नसतो. तो कागद दाखवून लग्नाच्या पंगतीला बसलेली माणसे आपण पाहिली आहेत.

2021 पासून घरच्या घरी करायच्या चाचणीचे संच आले. त्यात 'सी' आणि 'टी' अशा दोन जागा असतात. 'सी'समोर रेघ उमटली नाही, तर 'टी'समोर काहीही दिसो, ती पट्टी फेकून दुसरी घ्यायची. मात्र ही 'सी' रेघ फक्त द्रव पट्टीवरून नीट वाहिला, एवढेच सांगते. नाकातला बोळा नीट फिरवला होता का, हे तिला कळत नाही. ते फिरवणाऱ्यालाच ठाऊक.