इस्त्रीतील विद्युत मंडल
भारतात घरगुती वीज 230 व्होल्ट दाबाची असते. 1000 वॉटची इस्त्री जोडली की सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह निक्रोमच्या, म्हणजे निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूच्या, तारेतून वाहतो आणि तारेच्या रोधामुळे त्याच्या ऊर्जेची उष्णता होते. तापमान मर्यादेपलीकडे गेले की थर्मोस्टॅटमधील द्विधातू पट्टी, जिचे दोन धातू असमान प्रसरण पावतात, वाकून मंडल तोडते व निवल्यावर पुन्हा जोडते. प्लगची सर्वांत जाड व लांब पीन इस्त्रीचे धातूचे आवरण जमिनीशी जोडते. फेजची तार सुटून आवरणाला चिकटल्यास मोठा प्रवाह या वाटेने जाऊन फ्यूज वितळतो, म्हणून ही पीन काढून इस्त्री वापरणे जिवावर बेतू शकते.