सरपणाची फोड : कुऱ्हाड, पाचर की यंत्र?

वैशाख सरत आला की कोकणात आगोटीच्या बेगमीची एकच घाई उडते. त्या बेगमीत सरपण फोडून पडवीत त्याची चळत लावणे हे मोठे काम. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली. तरी आंघोळीचा बंब आणि भाकरीची चूल यांना अजून लाकूड लागतेच. पूर्वी वाडीत कुऱ्हाड धरणारे तरणे हात असत. ते हात आता मुंबई-पुण्याला असतात, आणि ओंडके मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतात. 'लाकूड फोडायचे यंत्र घ्यावे काय?' हा प्रश्न त्यातूनच निघाला आहे.

आधी लाकूड फोडायचे कशासाठी, ते पाहू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ओले लाकूड चुलीत घालणे म्हणजे आधी लाकडातले पाणी उकळायचे आणि मग हंड्यातले! शिवाय धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो, तो वेगळाच. साल ही झाडाची घोंगडी आहे. ती आतला ओलावा बाहेर येऊ देत नाही. ओंडका फोडला की आतले अंग उघडे पडते आणि वाऱ्याने सुकते. म्हणून फोडायचे ते तोडल्याबरोबर, सुकल्यावर नव्हे. बाभूळ एकदा वाळली की कुऱ्हाडीला दाद देत नाही, हे लाकूडतोड्याला विचारा, तोही हेच सांगेल.

आता लाकूड फुटते कसे? कोयतीने बांबू फोडताना आपण पाहतोच. कोयती वीतभर आत गेली की चीर तिच्या पुढे पुढे धावते. पाते नुसते मागून बाजू रेटीत असते. लाकडाचे तंतू उभे, एकमेकांना चिकटलेले असतात. आडवे तोडताना प्रत्येक तंतू कापावा लागतो, उभे फोडताना ते केवळ विलग करायचे असतात. तेव्हा झाड तोडायची पातळ, धारदार कुऱ्हाड फोडायच्या कामाला तितकीशी बरी नव्हे. ती रुतून बसते. फोडायला गालाची जाड कुऱ्हाड हवी, किंवा सरळ लोखंडी पाचर आणि घण.

शिक्षक बंधुभगिनींनी 'साधी यंत्रे' शिकवताना ही पाचर वर्गात जरूर न्यावी. 20 सेंटीमीटर लांब आणि डोक्याशी 4 सेंटीमीटर जाड पाचर घेतली, तर मारलेल्या जोराच्या पाचपट जोर बाजूंना मिळावा. प्रत्यक्षात घर्षण त्यातला मोठा वाटा खाते, पण उरतो तोही थोडा नसतो. पाचर मधोमध न ठोकता आधीच पडलेल्या चिरेवर ठोकावी. गाठ असेल तर ती टाळून कडेकडेने ढलप्या काढाव्यात. कुऱ्हाडीच्या तुंब्यावर घण मारू नये, दांड्याच्या भोकाशी ती तडकते. पाचरीचे डोके ठोकून ठोकून फुलले की कानशीने किंवा सहाणेच्या चाकावर साफ करावे. नाहीतर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि डोळा जातो.

यंत्र म्हणजे तरी काय? पाचर तीच, घणाऐवजी तेलाचा दाब. 10 सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 175 किलो असेल, तर जोर झाला पावणेचौदा टन. एवढ्यात घरगुती ओंडका बहुधा फुटतो. मात्र जोर आणि वेग दोन्ही हवे तर मोटारही तशी हवी. 5 अश्वशक्तीच्या मोटारीवर या दाबाने मिनिटाला फार तर 11 लिटर तेल सरकते, आणि 60 सेंटीमीटर पल्ल्याच्या दट्ट्याला एका खेपेस पावणेपाच लिटर लागते. म्हणजे नुसते पुढे जायला 25 सेकंद. विकणारा 'वीस टन' म्हणून मोकळा होतो. पल्ला किती, सेकंद किती, हे आपण विचारायचे.

बाजारात दुसरा एक प्रकार मिळतो : फिरणारा, आट्यांचा लोखंडी शंकू. तो स्वस्त आणि चपळ असतो, पण मला तो घराच्या अंगणात नको वाटतो. ओंडका नीट टेकलेला नसला तर शंकूबरोबर तोच गरगरतो. आणि साडीचा पदर, धोतराचा सोगा, हातमोजा यांतले काही अडकले तर मोटार बंद करायला अवधीच मिळत नाही.

गावच्या वेल्डिंगवाल्याकडून 10 टनी बाटली-जॅकवर साधा साचा करून घेता येतो. जॅक खाली उभा, त्यावर पाट, पाटावर ओंडका आणि वरच्या आडव्या चॅनेलला उलटी पाचर. जॅक आडवा ठेवला तर बहुतेक वेळा तेल नीट उचलत नाही, म्हणून साचा उभाच हवा. पल्ला वीतभरच, तेव्हा सगळे ओंडके एका मापाने कापावे लागतात. चिवट लाकडाचा शेवटचा धागा कुऱ्हाडीनेच तोडावा लागतो. काम सावकाश होते, पण ज्याला घण उचलत नाही त्याला दांडी हलवता येते. एक मात्र ध्यानात असू द्या : दहा टनांचा ताण शेवटी बाजूच्या खांबांच्या जोडावर येतो. तिथे काटकसर नको.

विजेचे यंत्र एका घराने घेऊ नये, असे माझे मत. चार दिवस चालेल आणि वर्षभर गंजेल. वाडीतल्या दहा-बारा घरांनी किंवा बचतगटाने मिळून घेतले, तर हिशेब जमतो. त्यातही झडपेचा दांडा सोडताच दट्ट्या थांबेल, आणि दोन्ही हात गुंतल्याशिवाय चालणारच नाही, असेच यंत्र पाहावे. ओंडका ठेवणारा आणि दांडा ओढणारा माणूस एकच असावा. एकाने धरायचे, दुसऱ्याने चालवायचे, यात बोटे जातात. नळीतून तेल झिरपते का, हे बोटाने चाचपू नये. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे, आणि डाग दिसला तर मोटार बंद करून दाब उतरवल्यावरच नळीला हात लावावा.