पेट्रोलचा पाइप नवा, पण वाट जुनीच?
जुन्या दुचाकीवरून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी इंधननळीची तपासणी का आवश्यक?

लांब पल्ल्याच्या भटकंतीची हौस असलेल्या अनेकांच्या घरी कार्ब्युरेटरवर चालणारी बुलेट, थंडरबर्ड किंवा सुरुवातीच्या काळातील करिझ्मा आजही अभिमानाने जपली जाते. प्रवासापूर्वी टायर, साखळी, ब्रेक आणि इंजिन ऑइल यांची तपासणी आवर्जून होते. टाकीतून कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेणाऱ्या वीतभर रबरी नळीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तापलेल्या इंजिनाच्या जवळून जाणारी ही नळी गळू लागली, तर गाडी बंद पडण्यापुरते नुकसान मर्यादित राहत नाही. आगीचा धोका निर्माण होतो. म्हणूनच नळी वेळेवर बदलणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणत्या वाटेने न्यायची, हे ठरवणेही महत्त्वाचे आहे.

रबर का खराब होते?

उष्णता आणि पेट्रोल यांच्या सततच्या संपर्काने रबरातील मऊपणा देणारे घटक हळूहळू निघून जातात. पेट्रोलमधील इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते आणि गाडी बराच काळ उभी राहून नळी कोरडी पडली, की ते आकसून त्याला बारीक भेगा पडतात. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांपासून झाली. २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. काही जुन्या वाहनांत सुमारे २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते.

नळी बोटांनी वाकवून पाहिल्यास तिची अवस्था कळते. भेगा दिसणे, नळी कडक किंवा चिकट लागणे, टोकाशी ओलसरपणा असणे किंवा बंद गाडीजवळ पेट्रोलचा वास येणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास नळी बदलावी.

निवड कशी करावी?

गॅरेजमध्ये मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त असते. पण पेट्रोल आणि उष्णतेने ती लवकर कडक होते. त्याऐवजी इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी योग्य असल्याचा निर्वाळा असलेली रबरी इंधननळी घ्यावी. ‘एसएई जे३० आर९’ हे मानक छापलेल्या नळीचे आतील अस्तर इथेनॉलला चांगले तोंड देते. मात्र तिची भिंत जाड असल्याने ती अरुंद जागेत सहज वळत नाही. नळीचा आतील व्यास कॉक आणि कार्ब्युरेटर यांच्या तोंडांना जुळणारा हवा. सैल नळी क्लिप आवळून बसवणे धोक्याचे ठरते.

वाटेचे गणित

कार्ब्युरेटरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. टाकीतील पातळी कार्ब्युरेटरपेक्षा २० सेंटिमीटर उंच असेल, तर त्यातून मिळणारा दाब एका बारच्या पन्नासाव्या भागाइतकाही नसतो. नळीला मध्येच वर चढणारा बाक असेल, तर तेथे वाफेचा बुडबुडा अडकतो आणि इतक्या कमी दाबाला तो पुढे ढकलता येत नाही. बाजारातून आणलेला फिल्टर मध्ये बसवताना असा बाक हमखास तयार होतो.

पेट्रोलमधील हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. उन्हाळ्यात कसारा किंवा माळशेज घाटात वाहतुकीच्या कोंडीतून संथ गतीने चढताना सिलिंडरला टेकलेल्या नळीत वाफ धरते आणि गाडी आचके देऊन थांबते. खारदुंग ला खिंडीसारख्या पाच हजार मीटरहून उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळते.

यासाठी नळी कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत सलग उतरती ठेवावी. सिलिंडरच्या पंखांपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून ती दूर असावी. चौकटीच्या धारदार कडेवर ती घासू नये, टाकीखाली चेपली जाऊ नये आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकू नये. वळण मोठे ठेवावे. तीव्र वळणात नळी आतून मिटते. टाकी रबरी आधारांवर किंचित हलत असल्याने थोडी सैलही ठेवावी.

बदलताना घ्यायची काळजी

काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची जोडणी काढूनच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. त्यामुळे जवळपास देव्हाऱ्यातील दिवा, शेगडी किंवा सिगारेट नसावी. भुकटीचे अग्निशामक हाताशी ठेवावे. जुनी नळी जोराने ओढल्यास कॉकचे तोंड तुटू शकते. ती उभी चिरून काढावी. नवी नळी धारदार पात्याने सरळ कापून कडेपर्यंत बसवावी आणि गुळगुळीत पट्टीच्या क्लिपने आवळावी. खाचांची पट्टी असलेली क्लिप रबरात रुतते.

त्यानंतर कॉक उघडून दहा मिनिटे थांबावे व कोरड्या कागदाने प्रत्येक सांधा पुसून पाहावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही, याची खात्री करावी. छोटी फेरी मारल्यावर इंजिन गरम असताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहणी करावी.

नळी बदलूनही गाडी थांबत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच गाडी लगेच सुरळीत चालू लागली, तर दोष नळीचा नसून झाकणातील हवेच्या छिद्राचा आहे. इंजिन थंड झाल्यावरच ती सुरू होत असेल, तर नळीच्या वाटेचा फेरविचार करावा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र नळीतील दाब सुमारे तीन बार असतो. तेथे साधी नळी वापरू नये आणि हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच सोपवावे.